छोटे सरडे, खरा उजेड आणि नाशिकचा माळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी माळावर पालथा पडलेला माणूस दिसला की गुराखी हमखास विचारतात, "काय दादा, काही हरवलं का?" सरड्याचा फोटो काढतोय म्हटलं की थोडा वेळ उभे राहतात, मग सरडा कुठे आहे ते तेच दाखवतात. मी सातपूरला शिफ्टमध्ये नोकरी करतो, हाताशी असतो तो रविवार आणि एखादी बदली सुट्टी. दहाएक वर्षांत लोकांनी जे पुन:पुन्हा विचारलं, ते इथे एकदाच लिहून ठेवतोय.

नाशिकच्या आसपास दिसतं तरी काय?

पुष्कळ. परसात आणि कुंपणावर नेहमीचा सरडा. द्राक्षबागेच्या बांधावर, पाचोळ्यात सापसुरळी. सिन्नर, येवल्याकडच्या उघड्या माळावर फॅन-थ्रोटेड लिझार्ड. याला आम्ही आपसात 'पंखेवाला' म्हणतो, कारण नराच्या गळ्याखाली घडीचा पंखा असतो. २०१६ साली या गटातल्या काही जातींसाठी शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती केली आणि तिचं नावच 'सरडा' ठेवलं, आपल्या मराठी शब्दावरून. त्याच माळावर, खुरट्या गवताच्या बुडाशी बोटभर लांबीची, सापासारख्या डोळ्यांची सरड्याची एक चपळ जात असते. तिच्या पापण्या जुळून पारदर्शक चकती झालेली असते, म्हणून ती डोळा मिटतच नाही. पश्चिमेला अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे पावसाळ्यात हिरवंगार असतं, तिथे हरणटोळ आणि चापडा हे हिरवे साप. घोयरा, म्हणजे शॅमेलिऑन, बाभळी-बोरीच्या झुडपात असतो, पण शोधून सापडत नाही. समोर येतो तेव्हा येतो.

सूर्योदयालाच जावं ना? तेव्हा उजेड सर्वांत छान असतो.

पक्ष्यांचे फोटो काढणारे मित्र हाच सल्ला देतात आणि नवा माणूस इथेच फसतो. पहाटे साडेपाचला मेरी-म्हसरूळवरून निघतो, चामर लेणीच्या पायथ्याशी पोचतो, सोनेरी उजेड पडलेला असतो आणि सरडा एकही नसतो. आठ वाजता चहा पिऊन तो परत फिरतो. नेमका त्याच वेळी पहिला सरडा दगडावर येतो.

सरड्याला अंगात ऊब नाही, ती उन्हातूनच घ्यावी लागते. दगड तापल्याशिवाय तो कपारीबाहेर येत नाही. म्हणजे आपल्याला हवं असतं कोवळं ऊन आणि त्याला हवं असतं तापलेलं. ही दोन वेळापत्रकं जिथे एकमेकांवर चढतात तेवढीच आपली वेळ. ती कधी वीस मिनिटं असते, कधी दोन तास. माझा सगळा उद्योग म्हणजे ही फट शोधणं. कॅमेरा त्यानंतर.

एक सोपं माप सांगतो. उभं राहा आणि स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे. तोवर डोळ्यात चमक येते, खवल्यांच्या कडा उठून दिसतात, पोटाखाली काळी पट्टी पडत नाही. सावली आखूड झाली की उजेड वरून पडायला लागतो आणि सरड्याच्या डोळ्यावर त्याच्याच भुवईची सावली येते. चेहरा कवटीसारखा दिसतो.

आता गंमत पाहा. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला ऐन मध्यान्हीसुद्धा, म्हणजे इथल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सूर्य फक्त ४६-४७ अंशांवर असतो. हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर उजेड तिरपा आणि सरडे बाहेर येतात साडेनऊ-दहानंतर. दोन्ही वेळापत्रकं जुळली! म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी पोटभर पोहे खाऊन, उन्हं वर आल्यावर निघतो. निफाडच्या थंडीत पहाटे कुडकुडायची काहीच गरज नाही.

आणि उन्हाळ्यात?

उन्हाळ्यात गणित उलटं. २० मेच्या आसपास नाशिकवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. सव्वानऊलाच तो ४४ अंशांवर पोचलेला असतो. पण पंखेवाला नर याच दिवसांत रंगात असतो. पावसाच्या आधीचे दोन-अडीच महिने त्याचे. चढलेल्या उन्हात एखाद्या उंच दगडावर बसून तो गळ्याचा पंखा उघडतो, मिटतो, उघडतो. मादीने पाहावं आणि दुसऱ्या नराने लांब राहावं, दोन्हीसाठी एकच पंखा.

उपाय एकच, आठ ते साडेनऊ. या दीड तासात मला एक कातळ ठरवून ठेवावा लागतो. तो आदल्या रविवारी बघून ठेवतो. नर बहुतेक वेळा त्याच त्या दगडावर चढतो, दगडावर पांढरी-काळी विष्ठा दिसली की समजायचं. मी सूर्य माझ्या पाठीशी न ठेवता बाजूला, किंचित समोर ठेवतो. पंख्याची कातडी पातळ असते. मागून तिरपा उजेड आला की ती आतून पेटल्यासारखी दिसते, शिरासुद्धा मोजता येतात. समोरून उजेड पडलेल्या फोटोत तोच पंखा नुसता रंग लावलेल्या पुठ्ठ्यासारखा येतो.

साडेनऊनंतर मी कॅमेरा पिशवीत टाकतो आणि नुसता बघत बसतो. दगड फार तापला की तो पायांची बोटं उचलून टाचांवर उभा राहतो, मग झुडपाच्या सावलीत जातो. आपणही जावं.

मॅक्रो लेन्स घ्यावीच लागते का?

नाही. सरड्यासाठी तर आधी घेऊच नका.

१०० मिमीच्या मॅक्रो लेन्सने एकास एक आकार (सेन्सरवर प्राणी खऱ्या मापाएवढा) मिळवायचा तर लेन्सचं तोंड प्राण्यापासून वीतभरही लांब राहत नाही. मुंगीला चालतं, पंखेवाल्याला नाही. जवळून फोकस होणारी ७०-३०० किंवा १००-४०० मिमीची लेन्स असेल तर तिच्या मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला, एक्स्टेन्शन ट्यूब (बिनकाचेचं पोकळ नळकांडं) किंवा पुढे कमी ताकदीचं क्लोज-अप भिंग लावा, दीड-दोन मीटरवरून काम होतं. ट्यूबचा हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढं मोठेपण वाढतं. ५० मिमीला २५ मिमीची ट्यूब म्हणजे अर्धी पट. ३०० मिमीला तीच ट्यूब फारसं काही देत नाही, पण जवळ फोकस करू देते आणि तेवढंच हवं असतं. खरी मॅक्रो लेन्स कामाला येते ती स्वस्थ बसणाऱ्यांसाठी: झोपेतला सरडा, फांदीवरचा घोयरा, भिंतीवरची पाल.

सेटिंग काय ठेवू?

पंखा उघडणाऱ्या नराला १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर, बसलेल्याला १/२५० पुरे. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं छिद्र) एफ/८ च्या आसपास. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो बरा.

खोलीबद्दल, म्हणजे फोकसच्या पुढेमागे किती भाग स्पष्ट येतो याबद्दल, मात्र नीट समजून घ्या. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एकास एक आकाराला एफ/८ ठेवलं तरी जेमतेम १ मिलिमीटर स्पष्ट येतो. आकार पाव पट केला की तीच खोली साधारण १ सेंटीमीटर होते. म्हणून थोडं लांबून काढा आणि नंतर कापा. शिवाय एकास एकला लेन्समधून येणारा उजेड दोन स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). एफ/८ लावलेलं असतं आणि मिळतं एफ/१६ इतकं. "उजेड तर भरपूर होता, मग फोटो काळा का?" याचं उत्तर बहुधा हेच.

उलटी तक्रारही येते, फोटो फार पांढरा. आपला कातळ काळा. कॅमेरा त्याला राखाडी करायला जातो आणि सरड्याचा उन्हातला गळा पांढरा जळून जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे दोन-तृतीयांश ठेवून सुरुवात करा.

फोकस डोळ्यावर. डोळा चुकला तर बाकी सगळं जमूनही फोटो गेला.

मी जवळ गेलो की तो पळतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तुमची सावली. सरड्याच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे मध्यभागी, एक बारीक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-अंधार कळतो. पालीला तो नसतो. त्यात शिक्रा आणि कापशी घार वरूनच येतात, म्हणजे वरून सावली पडली की पळायचं हे त्याच्या हाडात आहे. तुम्ही उभे राहून वाकलात की तुम्ही शिक्राच झालात.

मी असं करतो. पंधरा-वीस पावलांवरून बसतो. मग पालथा. कोपरावर सरकतो, दोन वीत पुढे, एक मिनिट थांबतो. सरळ त्याच्याकडे न जाता तिरपा जातो, जणू त्याच्या शेजारच्या दगडात मला रस आहे. तो मान खाली-वर करून दंड काढायला लागला की थांबायचं, तो मला बजावतोय. अंग चपटं करून जमिनीला चिकटला की मागे सरकायचं. तो परत सैल झाला की पुढे. कॅमेऱ्याखाली तांदळाची पिशवी ठेवतो, अर्धा किलो, जुन्या उशीच्या अभ्र्यात. ट्रायपॉड उघडेपर्यंत सरडा सिन्नरला पोचतो.

एकदा असाच सरकत गेलो. तीन हात अंतर. नराने मान वळवली, एका डोळ्याने माझ्याकडे आणि दुसऱ्याने आभाळाकडे बघितलं. मग माझ्या लेन्सच्या झाकणावर, जे मी विसरून पुढे ठेवलं होतं, एक मुंगोळा चढला. तो धावत आला, मुंगोळा उचलला, झाकणावरच बसून गिळला आणि तिथेच पंखा उघडला. फोकस व्हायला फार जवळ होता. एकही फोटो नाही.

फ्लॅश का नको?

नको असं नाही, मला नको. दिवसा फिरणाऱ्या प्राण्याचा रंग, बसण्याची पद्धत, अंग उन्हाकडे कसं कललंय, हे सगळं उजेडाशी बांधलेलं असतं. फ्लॅशने पाठीमागचं काळं होतं आणि सरडा स्टुडिओत आणल्यासारखा दिसतो. रात्रीच्या पाली हा वेगळा विषय, तिथे माझं काही चालत नाही.

ऊन कडक आहे, वेळ निघून गेली, पण प्राणी समोर आहे. काही करता येईल?

सावली करा, पण मऊ. फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टरच्या (उजेड परतवणाऱ्या घडीच्या चकतीच्या) आतली पांढरी पारदर्शक चकती सर्वांत सोयीची. ती नसेल तर बांबूच्या कामट्यांवर ताणलेला जुन्या धोतराचा तुकडा. सूर्य आणि प्राणी यांच्या मध्ये, पण प्राण्यापासून दोन हात वर, आणि ती आधी लांब धरून हळूहळू सरकवत आणायची. सापसुरळी आणि घोयरा हे सहन करतात. पंखेवाला करत नाही.

पोटाखालची सावली उजळायला पांढरा पुठ्ठा जमिनीवर टेका. चंदेरी बाजू वापरू नका. तिची तिरीप डोळ्यात गेली की प्राणी पळतोच आणि फोटोत खोटी चमक दिसते.

सापसुरळी नेहमी प्लास्टिकची का दिसते?

तिचे खवले गुळगुळीत आणि घट्ट बसलेले असतात, आभाळ त्यात आरशासारखं दिसतं. पोलरायझर (लेन्सपुढचं फिरतं फिल्टर) लावून हळू फिरवा, चकाकी उतरते आणि खालचा तांबूस-तपकिरी रंग दिसतो. दीडेक स्टॉप उजेड जातो. पूर्ण चकाकी काढू नका, मग ती मातीची दिसते. आणि हो, सापसुरळी विषारी नाही. गावोगावी तिला उगाच मारतात. घोटीजवळ एका मावशींनी माझ्यासमोर झाडू उचलला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा डोळा मोठा करून दाखवला, तेव्हा म्हणाल्या, "पापणी आहे की हो हिला!" सापाला पापणी नसते हे त्यांना माहीत होतं.

पावसाळ्यात जमतं का?

ढग म्हणजे आभाळाएवढा डिफ्युझर, उजेड मऊ करणारा पडदा. हरणटोळ, चापडा यांच्यासाठी याहून चांगला उजेड नाही, हिरव्यावर हिरवं असूनही एकेक खवला सुटा दिसतो. पण त्र्यंबक-इगतपुरीकडे उजेड इतका कमी असतो की आयएसओ ३२०० ला पोचतो. एसी गाडीतून उतरल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, म्हणून काचा उघड्या ठेवून जा. पावसाची सर गेली आणि दहा मिनिटं ऊन पडलं, तर सगळे एकदम शेकायला बाहेर येतात. या दहा मिनिटांसाठी आख्खा दिवस भिजलेला माणूस मी पाहिलाय. आरशात.

दगड उलटून बघावेत का?

नाही. पठारावरचा सपाट दगड हे कुणाचं तरी घर असतं. त्याच्याखालची ओल आणि गारवा जमायला कित्येक पावसाळे गेलेले असतात. नीट परत ठेवला तरी फट बदलते. शिवाय खाली इंगळी असते किंवा फुरसं. तुम्ही उलटायचे थांबलात तर बोटंही वाचतील.

सापांचे फोटो कसे काढायचे?

लांबून. माळावरचं फुरसं हातभर असतं, मातीच्या रंगाचं, गुंडाळी करून अंगावर अंग घासतं आणि करवतीसारखा आवाज काढतं. तो आवाज ऐकू आला तर पाऊल जागीच ठेवा, बघा, मग मागे. फुरसं, घोणस, नाग, मण्यार यांच्यासाठी पालथं पडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. दोन मीटरच्या आत जायचं नाही. पालथं पडायच्या आधी काठीने समोरचं गवत चाचपा, मी आजही करतो.

बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत गल्लत होते, भले भले चुकतात. पट्टे मोजत बसू नका, मण्यार समजूनच वागा. चावा झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठी-घड्याळ काढा, हातपाय हलवू नका, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा.

सापाचे डोळे दुधी-निळे दिसले तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्याला नीट दिसत नसतं आणि तो चिडका असतो. एक फोटो लांबून, आणि निघा.

जरासा उचलून चांगल्या फांदीवर ठेवला तर काय बिघडतं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं. साप, घोरपड, घोयरा यांना या कायद्याचं संरक्षण आहे. हा झाला कायदा.

आता पाहिलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सहलीत एकाने प्लास्टिकच्या बरणीतून घोयरा आणला. हिरव्यागार फांदीवर ठेवला, सगळ्यांनी रांगेने फोटो काढले. सगळ्यांच्या फोटोत तो काळपट आहे, अंगावर गडद डाग, तोंड उघडं. घोयरा फांदीचा रंग घेत नाही. त्याचा रंग भीती, राग, ऊब आणि उजेडाप्रमाणे बदलतो. जो जाणकार तो फोटो बघेल त्याला बरणी दिसेलच. मीही त्या रांगेत होतो, माझा फोटो अजून जुन्या डिस्कवर आहे.

पाल-सरडे थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणारेही आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

थंडीच्या सकाळी सुस्त सरडा आपसूक सापडतो, त्याचाही गैरफायदा नको. त्याला पळायची ताकद नसते आणि तुमच्या सावलीमुळे शेकायचं राहून जातं. चार फोटो, मग बाजूला.

परवानगी लागते का?

अभयारण्यात फोटोसाठी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते, नांदूरमध्यमेश्वरला तिकीट खिडकीपाशीच विचारा. बोरगड, ममदापूर हे संवर्धन राखीव, तिथेही आधी चौकशी करा. द्राक्षबागेत मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका. फवारणी कधी झाली हेही विचारा, ओल्या फवारणीत पालथं पडलं की संध्याकाळी अंगाला खाज सुटते. मला सुटली होती.

तुमची जागा नेमकी कोणती?

सांगणार नाही, राग मानू नका. मांडुळाच्या 'दोन तोंडां'वरून अजूनही लाखांचे व्यवहार ऐकू येतात, आणि त्यासाठी माळच्या माळ खणले जातात. फोटो टाकताना जीपीएस बंद ठेवा, तालुक्यापलीकडचं ठिकाण लिहू नका. मागच्या डोंगराची कडाही ओळखू येते, तीही कापा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकाल तर ठिकाण धूसर करण्याची सोय आहे.

ओळख पटण्यासाठी कोणते फोटो लागतात?

डोक्याचा बाजूने, पाठीचा वरून, पायांच्या बोटांचा. सुंदर फोटोत बहुधा यातलं एकही नसतं, म्हणून आधी हे तीन कंटाळवाणे काढा.

मोबाइलवर जमेल?

परसातला सरडा जमेल. दोन पट झूम, रुंद लेन्सने जवळ जाऊ नका. पहाटे झुडपाच्या टोकावर झोपलेला सरडा हा मोबाइलसाठी सर्वांत चांगला विद्यार्थी. उजाडताना, ऊन लागायच्या आधी. हे एकच काम सूर्योदयाचं.

पुढच्या रविवारी सोबत येऊ का?

या. मळखाऊ कपडे, पूर्ण बाह्या, घोट्यावरचे बूट, टोपी, दोन लिटर पाणी. कॅमेरा नसला तरी चालेल. सध्या थंडी आहे, म्हणून साडेआठच्या आधी फोन करू नका.